साडेचार फुटांवरचा कॅमेरा

घरी तिला सगळे फौजदार म्हणत. हे नाव वडिलांनी ठेवलं होतं, ती सात वर्षांची असताना. दोन दिवसांसाठी म्हणून आलेल्या एका दूरच्या काकांना तिने दारातच विचारलं होतं की दोनच दिवस राहणार तर बॅगा तीन कशाला. काका पुढे तीन महिने राहिले आणि हिचं नाव कायमचं चिकटलं. माहितीपट बनवायचं शिकायला तिने प्रवेश घेतला तेव्हा आई म्हणाली, "चला, आता चौकशा करायचं रीतसर शिक्षणच मिळणार."

पहिल्या वर्षाच्या शेवटी दोघादोघांनी मिळून वीस मिनिटांचा माहितीपट करायचा होता. कॅमेरा फौजदारकडे होता आणि आवाज बोक्याकडे. हा तिचा वर्गमित्र अंगाने गुबगुबीत. कानांवर हेडफोन चढवले की डोळे अर्धे मिटून तो तासन् तास हलायचा नाही. सगळ्यांनी त्याला बोका करून टाकलं होतं, आणि त्याचं त्याला काहीच वाटत नसे.

विषय त्यांना वर्गातच सापडला. शिकवणाऱ्या मॅडमनी एकदा एक जुनी काळीपांढरी फिल्म दाखवली. बावन्न वर्षांपूर्वी नवी फेरीबोट पहिल्याच खेपेला धक्क्याजवळ कलंडली, तेव्हाची. आवाज नाही. सगळी मिळून अडीच मिनिटांची, पंचवीस-पंचवीस सेकंदांचे सहा तुकडे. बोट एका अंगावर जाते, माणसं कठड्यावरून घसरतात, पाण्यात डोकी दिसतात, मग काही दिसेनाशी होतात. धक्क्यावर नुसती पळापळ. आणि या सगळ्यात कॅमेरा तसूभरही हलत नाही.

"हात बघा याचा," मॅडम म्हणाल्या. "एकोणीस वर्षांचा पोरगा होता. आजही याच गावात आहे. फोटो स्टुडिओ चालवायचा."

"पुढे त्याने काय काय चित्रित केलं?" फौजदारने विचारलं.

"काही नाही. आयुष्यभर पासपोर्टचे फोटो काढले."

तिच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे. असा हात असलेला माणूस पुन्हा कधी फिल्मला हात लावत नाही, हे तिला पटेना.

म्हाताऱ्याला सगळी गल्ली आबा म्हणायची. उंच, सहा फुटांचा, अजून ताठ. लग्न केलेलं नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत बंद पडलेला स्टुडिओ होता तसाच होता: राखाडी पडदा, फिरतं स्टूल, भिंतीला आरसा, त्याखाली गिऱ्हाइकांसाठी कंगवा आणि शेजारी बोटीच्या फिल्मचं सन्मानपत्र नि वर्तमानपत्रातलं कात्रण. मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. तिथे त्याची थोरली बहीण असायची, अक्का. ती तीन वर्षांनी मोठी आणि त्याच्या खांद्याच्याही खालीच. अक्का चहा आणून ठेवायची, एक शब्द बोलायची नाही आणि आत जायची.

पहिल्या दिवशी आबांनी संमतिपत्रावर न वाचताच सही ठोकली आणि स्टुलावर बसून सगळं सांगितलं. स्टुडिओच्या मालकाने त्यांना बोटीची पहिली खेप टिपायला पाठवलं होतं. चावीचा कॅमेरा होता, एकदा चावी भरली की पंचवीस सेकंद चाले. "बोट कलंडली, लोक ओरडायला लागले. मी स्वतःला म्हटलं, तुझं काम पाहायचं. पाय रोवले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि हात हलू दिला नाही."

छानच बोलले. बोक्याने अंगठा वर करून आवाज उत्तम आल्याची खूण केली.

दुसऱ्या दिवशी फौजदारने तेच पुन्हा विचारलं, कारण उजेड बदलला होता. आबांनी तेच सांगितलं. पण अगदी तेच. "पाय रोवले, कॅमेरा डोळ्याला लावला." त्याच जागी थांबले, त्याच जागी मान हलवली. संध्याकाळी कॉलेजच्या संकलनाच्या खोलीत तिने दोन्ही मुलाखती शेजारी शेजारी लावल्या. शब्दाचाही फरक नव्हता.

"पन्नास वर्षं सांगतोय माणूस," बोका म्हणाला. "पाठ होणारच."

"आठवणारा माणूस मध्येच अडतो रे. हे अडतच नाहीत."

"तू ना, सुतावरून स्वर्ग गाठतेस."

पण तिने आणखी एक गोष्ट पाहिली होती. बोटीचा विषय निघाला की आतली भांड्यांची खुडबुड थांबायची. विषय बदलला की पुन्हा सुरू. बोक्याच्या माईकमध्ये ते स्पष्ट ऐकू येत होतं. पहिल्या दिवशी तीनदा, दुसऱ्या दिवशी दोनदा. पाणी मुरत होतं खरं, पण कुठे ते कळत नव्हतं.

कळलं ते मॅडमच्या तासाला. त्या दिवशी दृश्याची चौकट शिकवत होत्या. मोकळ्या पाण्याकडे कॅमेरा लावला की समोरची क्षितिजरेषा नेहमी लेन्सच्या उंचीवर येते, असं त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. लेन्स पाच फुटांवर असेल तर चौकटीत त्याच जमिनीवरची पाच फुटांची प्रत्येक वस्तू त्या रेषेला टेकलेली दिसणार. फौजदारने वहीत लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. बोटीच्या फिल्ममध्ये धक्क्याचा लोखंडी कठडा होता. आणि पलीकडे पाणी जिथे संपतं ती रेषा त्या कठड्याच्या वरच्या दांडीवरून गेलेली होती. सहाही तुकड्यांत.

तास संपल्यावर ती आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन थेट धक्क्यावर गेली. बोटी आता तिथून सुटत नसत, दोन-चार माणसं गळ टाकून बसलेली. कठडा तोच होता, गंजलेला. तिने टेप जमिनीला पायाने दाबून धरली आणि वर ओढली. साडेचार फूट. खात्री म्हणून तीन ठिकाणी मोजलं. गळ टाकून बसलेल्या एकाने विचारलं, "काय, पाडणार की काय हे?" ती म्हणाली, "अजून ठरलं नाही."

सहा फुटांचा माणूस, पाय रोवून उभा, कॅमेरा डोळ्याला. लेन्स साडेपाच फुटांच्या वरच हवी. मग एक फूट गेला कुठे?

तिसऱ्या भेटीत तिने आबांना विचारलं, "तुम्ही गुडघ्यावर बसला होतात का?"

"छे. उभा होतो."

"वाकून?"

"वाकून कशाला? हा असा." ते स्टुलावरून उठले आणि दोन्ही हात डोळ्यांपाशी नेऊन उभे राहिले. डोकं छतावरच्या दिव्याला लागता लागता राहिलं. "का गं?"

"सहज," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला स्वतःलाच पोलिसासारखा वाटला.

आतून अक्काचा आवाज आला, "आबा, चहा गार होतोय." चहा आणलाच नव्हता तिने अजून.

फौजदारने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. अक्का तिथे उभी होती, चौकटीला हात टेकून. आणि फौजदारच्या मनाने आपोआप माप घेतलं. उंची चार फूट दहा. डोळे साडेचार फुटांवर.

मॅडमना तिने हे सांगितलं तेव्हा तिला शाबासकीची अपेक्षा होती. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "बहिणीने चित्रण केलं असं तुझं म्हणणं. मग ती गप्प का?"

"गप्प बसवलं असेल. नाव यांचं, सन्मानपत्र यांचं, वर्तमानपत्रात फोटो यांचा. तिने बावन्न वर्षं चहा केला."

"असेल. नसेलही. ठरवून जाऊ नकोस, विचारायला जा. आणि विचारायचं तर तोंडावर विचार."

तोंडावर विचारायचं तिने ठरवलं होतं, असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली. प्रत्यक्षात तिने निराळंच केलं. चौथ्या भेटीत ती अक्काला म्हणाली, "आम्हाला घराचे आवाज हवेत. नळ, भांडी, तुमची ये-जा. हा छोटा माईक लावू का पदराला?" अक्काने थोडा विचार केला आणि लाव म्हणाली. बोका पुढच्या खोलीत यंत्र घेऊन बसला, आबा तिथेच. फौजदारने स्वयंपाकघरात दहा मिनिटं अक्काचे हात टिपले: डाळ निवडताना, ओटा पुसताना. मग कॅमेरा बंद करून तिने टेबलावर ठेवला, झाकणही लावलं.

"कॅमेरा बंद केला," ती म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. माईकबद्दल ती बोलली नाही.

"हं," अक्का म्हणाली.

"अक्का, मी धक्क्यावर जाऊन आले. कठडा मोजला. ती फिल्म आबांच्या उंचीवरून घेतलेली नाही. तुमच्या उंचीवरून घेतलीय."

अक्काने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. मग घडी मोडली आणि परत केली.

"शिकवतात का असं, मोजायचं?"

"हो."

"चांगलं शिकवतात." ती खुर्चीवर बसली. "मी जास्तीचं रीळ घेऊन गेले होते त्याच्याबरोबर. घरी तो चावी भरायचा सराव करायचा, मीही करायची. बोट कलंडली आणि याने कॅमेरा माझ्या हातात दिला. दिला म्हणजे काय, सोडलाच. मी धरला. आणि हा पळाला. पाण्याकडे नाही, गावाकडे. दुपार कलल्यावर घरी आला, एकच बूट होता पायात."

"आणि नाव त्यांनी आपलं लावलं."

"त्याने कशाला लावायचंय? कॅमेरा त्याला दिलेला, फिल्म मालकाने धुतली, नाव छापून आलं. हा तर महिनाभर अंथरुणातून उठला नव्हता. जेवायचा नाही. ते सन्मानाचं पत्र आलं तेव्हा आई म्हणाली, राहू दे, यानेच पोरगं उठेल. आणि उठला तो."

"पण तुमच्यावर अन्याय झाला." फौजदारच्या मनात हे वाक्य आठवडाभर तयार होतं.

अक्काने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण एखाद्या चुकीच्या पत्त्यावर आलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

"एक बाई होती पाण्यात. हिरवी साडी. फिल्ममध्ये काळी दिसते. माझ्यापासून पंधरा पावलांवर. धक्क्यावर दोर पडला होता वेटोळं करून. मला दिसत होता. मी चावी भरली. पंचवीस सेकंद झाले, परत भरली. सहा वेळा, गं. रीळ संपेपर्यंत. रीळ संपल्यावर मी दोराकडे पाहिलं, आणि तोवर ती बाई नव्हती." तिने फडकं बाजूला सारलं. "पळणारा माणूस मला समजतो. मी कोण होते ते मला अजून समजलेलं नाही. ते नाव आबाला गेलं ना, मी सुटले. आणि तू ते माझ्यावर परत आणून घालायला आलीस."

इतके दिवस ती चोर शोधत होती, आणि इथे चोरीला गेलेलं परत घ्यायला कोणी तयार नव्हतं.

तेवढ्यात दारात सावली पडली. आबा उभे होते. त्यांच्या गळ्यात बोक्याचे हेडफोन लोंबत होते, वायर मागे ओढत आणलेली. मागे बोका, चेहरा पांढराफटक.

झालं होतं ते अगदी साधं. आबांना नव्या यंत्रांचं कुतूहल. बिनतारी माईक भिंतीपलीकडचं कसं ऐकतो ते बघू दे जरा, म्हणाले. भांड्यांचा आवाज येत होता तोवर बोक्याने हौसेने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले आणि स्वतः वायरी गुंडाळत बसला. आत काय चाललंय ते आबांचा चेहरा पाहून त्याच्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता.

अक्काने आधी हेडफोनकडे पाहिलं, मग पदराला लावलेल्या माईककडे, मग फौजदारकडे. माईक काढून तिने टेबलावर ठेवला, झाकण लावलेल्या कॅमेऱ्याशेजारी.

"दोराचं तू मला कधी सांगितलं नाहीस," आबा म्हणाले.

"काय सांगायचं?"

"मला वाटायचं तू माझ्यावर पांघरूण घातलंस. बावन्न वर्षं मी तुझ्यापुढे मान वर केली नाही, अक्का. लोकांपुढे केली, तुझ्यापुढे नाही."

"ते मला ठाऊक आहे."

"आणि तू आत बसून हे…" ते फौजदारकडे वळले. "आज पुरे. जा तुम्ही."

रस्त्यावर बोका दोन पावलं मागून चालत होता. सिग्नलपाशी थांबल्यावर त्याने विचारलं, "माईक चालूय हे तू तिला सांगितलं नव्हतंस ना?"

"नाही."

"विसरलीस?"

खोटं बोलायला ती जागा उत्तम होती. "नाही," ती म्हणाली.

"मला तरी सांगायचंस. मी त्या माणसाला माझ्या हातांनी हेडफोन घातले." त्याने बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "तू आबांवर संशय घेतलास, अक्कांवर घेतलास, मॅडमवरसुद्धा घेतला असशील. स्वतःवर कधी घेतेस का गं?"

सिग्नल सुटला आणि तो पुढे निघून गेला.

पुढचे पाच दिवस फार वाईट गेले. अक्काचं बोलणं यंत्रात होतं, पाण्यासारखं स्वच्छ. फौजदारने ते एकदा ऐकलं आणि बंद केलं. ऐकताना अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी हे कुठे जोडायचं, पुढे कुठलं दृश्य ठेवायचं, हेही मनात सुरू झालं. त्याचीच तिला भीती वाटली. दोर दिसत असताना चावी भरणारा हात कसा असतो, ते तिला आता थोडंफार कळत होतं.

मॅडमना तिने सगळं सांगितलं, माईकचंही. मॅडम रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "सही कोणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"फक्त आबांची."

"मग तिचा आवाज तुझा नाही. एक शब्दही नाही. कोरं संमतिपत्र घेऊन जा, आणि नाही म्हणाली तर तिच्यासमोर पुसून टाक."

ती एकटीच गेली. दार आबांनी उघडलं. घरात भांडण चालू होतं हे उघड होतं, पण असं भांडण तिने आधी पाहिलं नव्हतं.

"बरी आलीस," आबा म्हणाले. "हिला सांग. ती फिल्म ठेवलीय त्या संग्रहालयाला मी पत्र लिहितोय की चित्रण माझं नाही, हिचं आहे. ही सही करत नाही."

"नाहीच करणार," अक्का आतून म्हणाली. "तुझं नाव आहे, तूच सांभाळ."

"अर्धं आयुष्य सांभाळलं."

"मग उरलेलं सांभाळ. आता किती उरलंय."

फौजदार स्टुडिओत मधोमध उभी होती. ती म्हणाली, "अक्का, मी त्या दिवशी मुद्दाम माईक चालू ठेवला. तुम्हाला सांगितलं नाही. मी चुकले. पुसून टाकायला आलेय."

आत नळ बंद झाला. मग अक्का बाहेर आली, स्टुलावर बसली आणि हात पुढे केला. "तुमचं ते संमतीचं पत्र आणलंयस ना? दे. आबासारखी मी न वाचता सही करत नाही."

तिने दोन्ही पानं वाचली, बोट ओळीवर ठेवून. एका ठिकाणी 'कायमस्वरूपी' या शब्दावर थांबली आणि अर्थ विचारला. फौजदारने सांगितला.

"चोरून घेतलेलं पुस," अक्का म्हणाली. "आत्ता, माझ्यासमोर. मग कॅमेरा लाव. मी परत सांगते. हाही सांगेल. पण एकमेकांसमोर, आणि मध्ये तू काही बोलायचं नाहीस. अन्याय-बिन्याय तर मुळीच नाही."

फौजदारने पुसलं, मग अक्काने सही केली. बोक्याला फोन केला. तो येईल की नाही याची खात्री नव्हती. तो आला, तिच्याशी कामापुरतं बोलला, आणि माईक लावण्याआधी प्रत्येकाला सांगितलं की आता हे चालू होतंय.

दुसऱ्या खेपेला अक्काने तितकं चांगलं सांगितलं नाही. मध्येच अडली, हिरवी साडी म्हणायची राहिली, दोराचं आधी सांगून टाकलं. आबांनी पळाल्याचं सांगताना तीनदा पाणी मागितलं. बूट कुठे पडला यावरून दोघांची जुंपली. फौजदारने एकही प्रश्न विचारला नाही, आणि दुपारभर गप्प राहणं हे तिने त्या वर्षी केलेलं सगळ्यात अवघड काम होतं.

संग्रहालयाला पत्र गेलं नाही. त्यावर अक्काने शेवटपर्यंत सही केली नाही. नोंदीत आजही आबांचंच नाव आहे.

माहितीपट कॉलेजच्या सभागृहात दुपारी दाखवला. फौजदारचे आईवडील आले होते. मॅडमना मधला भाग लांबलेला वाटला, तसं त्यांनी आधीच सांगितलं होतं. बोका दुसऱ्या रांगेत होता, पुढच्या वर्षासाठी त्याने दुसरा जोडीदार निवडला होता. आबा पहिल्या रांगेत बसले. अक्का येणार नाही म्हणाली होती, पण आली आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

पडद्यावर बोट आली. पहिला तुकडा, दुसरा. चौथ्याला अक्का उठून बाहेर गेली. पहिल्या रांगेतून आबाही उठले आणि लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत तिच्यामागे गेले. फौजदार भिंतीला टेकून उभी होती. लोक कुठे हसतात, कुठे चुळबुळतात, कुठे श्वास धरतात हे पाहण्याची वाट तिने वर्षभर पाहिली होती. तिने एकदा त्या अंधारातल्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि दार ढकलून बाहेर आली.

दोघं व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. कोणती बस लवकर मिळेल यावर त्यांचं चाललं होतं. आबा म्हणत होते मोठ्या रस्त्यावर चालत जाऊ, अक्काला ते लांब वाटत होतं. फौजदार जवळ आली तशी अक्का थोडी सरकली आणि बाकावर जागा केली.

"संपलं का?" तिने विचारलं.

"अजून नऊ मिनिटं आहेत."

"मग तू आत जा की. तुझं आहे ते."

"बसते इथेच," फौजदार म्हणाली. "कुठली बस ते मी सांगते तुम्हाला. मोठ्या रस्त्यावर जायची गरज नाही."